पळायचा हिशेब वेगळा, पैशांचा वेगळा

रत्नागिरी
भाद्रपद वद्य एकादशी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

इकडच्या कच्च्या वाटांवरच्या ट्रेल शर्यतीत आधी नाव नोंदवलंस आणि मग फोन केलास, ते बरं केलंस. आधी विचारलं असतंस तर बाबांनी आठ दिवस नुसती चर्चा केली असती. ५० किलोमीटर, एकूण चढ १,२०० मीटर, वेळेची मर्यादा १० तास, आणि जमतील तेवढे पैसे डायलिसिसच्या रुग्णांसाठी, असं सगळं तू एका दमात सांगितलंस. त्यातले पैसे बाकीच्या तीन गोष्टींपासून सोडवून घे. मुख्यतः तेवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. बाकीचं ओघात येईल.

लोकांकडे पैसे मागताना ‘शर्यत पूर्ण केली तर’ असं कुठेही लिहू नकोस. ‘किलोमीटरमागे १० रुपये’ ही पद्धतही नको. ऐकायला ती गंमतीची वाटते, पण ३८व्या किलोमीटरला घोटा मुरगळला की ‘अजून १२ किलोमीटरचे पैसे बुडतील’ हा हिशेब डोक्यात सुरू होतो. मग माणूस सुजलेल्या पायाने पुढे चालत राहतो आणि महिनाभराचं दुखणं सहा महिन्यांचं करून घेतो. रक्कम आधी ठरलेली असावी आणि शर्यतीच्या आधीच रुग्णांसाठी काम करणाऱ्या ट्रस्टच्या खात्यात जमा झालेली असावी. कॅनडाचा टेरी फॉक्स १९८० साली एका कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कॅन्सर फुप्फुसात पसरला म्हणून त्याला थांबावं लागलं. निम्म्याहून थोडा अधिक रस्ताच झाला होता. पैसे मात्र थांबले नाहीत. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर जमले, म्हणजे त्या वेळच्या कॅनडात माणशी एक डॉलर. त्याने मागितलं होतं तेवढंच.

आता आकडा. ‘जमतील तेवढे’ म्हटलं की लोक जमतील तेवढे कमी देतात. डायलिसिस आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा करावं लागतं, प्रत्येक वेळी साधारण चार तास. सरकारी योजनांमुळे उपचाराचा खर्च बऱ्याच जणांचा सुटतो. राहतो तो येण्याजाण्याचा. डायलिसिसनंतर माणूस गळून जातो, एसटीत उभ्याने येणं जमत नाही, म्हणून रिक्षा करावी लागते, आणि सोबत आलेल्याचा दिवसाचा रोज बुडतो. जाऊनयेऊन एका फेरीला ४०० रुपये धर. आठवड्याला दोन फेऱ्या, वर्षाच्या १०४, म्हणजे ४१,६०० रुपये. तीन वेळा जावं लागत असेल तर १५६ फेऱ्या, ६२,४०० रुपये. दोन फेऱ्यांवाले पाच रुग्ण धरले तर २,०८,००० रुपये. मागताना हाच आकडा सांग, ‘दोन लाख’ म्हणू नकोस. वरचे आठ हजार बघून आपल्याकडचा माणूस ‘हे कसे काय?’ असं विचारतो, आणि त्याने विचारलं की अर्धं काम झालं. ४०० हा मी धरलेला आकडा आहे. ट्रस्टकडे गेल्या महिन्याच्या खऱ्या फेऱ्यांचा हिशेब माग आणि तो घाल.

ट्रस्टकडून चार कागद घे: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची १२एबी नोंदणी, ८०जी मान्यता (देणाऱ्याला आयकरात वजावट मिळते ती; तिच्यावरची मुदतीची तारीख वाच, ती संपलेली असू शकते) आणि गेल्या वर्षीचा तपासलेला ताळेबंद. पाचवं एक पत्र घे, की या मोहिमेतून आलेली रक्कम रुग्णांच्या प्रवासखर्चालाच वापरली जाईल. हे पत्र नसेल तर पैसे सर्वसाधारण निधीत जातात आणि त्यातून कोणाचा तरी पगार होतो. पगार वाईट नाही, पण तू लोकांना तसं सांगितलेलं नाहीस.

स्वतःच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नकोस. ‘तुला जीपे करते, तू पुढे दे’ असं जवळचीच माणसं म्हणतात. नाही म्हण आणि ट्रस्टचा क्यूआर पाठव. तुझ्या खात्यात आलेल्या पैशांची ८०जी पावती देणाऱ्याच्या नावाने निघत नाही, आणि तुझ्या पासबुकात अनोळखी लोकांच्या रकमांची रांग लागते. नोंदणी नसलेल्या कोणी सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपती मंडळं कलम ४१ क खाली घेतात तशी. नोंदलेल्या ट्रस्टच्या पावतीपुस्तकावरच गोळा केलंस की ती भानगड उरत नाही.

८०जीचा गाजावाजा करू नकोस. नव्या कररचनेत ती वजावट मिळत नाही आणि तुझ्या ऑफिसातले निम्मे तरी नव्या रचनेत असतील. जुन्या रचनेतही साधारण निम्म्या रकमेचीच वजावट असते. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने २,००० दिले तर त्याचे २०० रुपये वाचतात. २०० रुपयांसाठी कोणी दान करत नाही. पण ज्यांना हवी आहे त्यांची माहिती पहिल्या दिवसापासून वहीत उतरव: पॅनवर आहे तसंच नाव, पॅन क्रमांक, पत्ता, रक्कम, तारीख, पैसे कसे दिले. ट्रस्ट ही यादी आर्थिक वर्ष संपल्यावर ठरलेल्या फॉर्ममध्ये (जुन्या कायद्यात १०बीडी, ३१ मेपर्यंत) भरतो आणि त्यावरून देणाऱ्याला प्रमाणपत्र (जुन्या कायद्यात १०बीई) मिळतं. पॅन चुकला तर प्रमाणपत्र अडतं आणि शिव्या तुला बसतात. २,००० रुपयांच्या वरची रोख रक्कम वजावटीला चालत नाही, तेव्हा रोखीच्या पावत्या त्याच्या आत ठेव. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासूनचा, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. पावतीवर काय छापायचं ते ट्रस्टच्या सीएलाच विचार.

परदेशातल्या नातेवाइकांचं नीट बघ. मस्कतचे काका भारतीय पासपोर्टवर आहेत, त्यांनी बँकेतून पाठवलेले पैसे चालतात. आत्याचा मंगेश आता अमेरिकन नागरिक आहे. त्याचे पैसे कायद्याने परदेशी देणगी ठरतात, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरीही. ट्रस्टकडे परदेशी देणगी घ्यायची (एफसीआरए) नोंदणी नसेल तर त्याच्याकडून घ्यायचे नाहीत. तो रागावेल. रागावू दे.

मागायची वेळही साध. गणपती आताच झालेत. चाकरमान्यांचे खिसे या महिन्यात रिकामे असतात, आत्ता विचारलंस तर ‘बघू’ म्हणतील, आणि आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ तुला माहीत आहे. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस बोनसचे, तेव्हा माग. गावाच्या मुंबई मंडळाची बैठक असेल तर जाऊन पाच मिनिटं बोल. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लांबलचक मजकुरापेक्षा ती पाच मिनिटं भारी पडतात, कारण मंडळात कोणाच्या तरी घरी डायलिसिसचा रुग्ण असतोच. मजकूर लिहायचाच तर चार ओळी पुरे: कोणासाठी, किती, कशासाठी, कुठे भरायचे. पाचवी ओळ अशी: ‘माझे बूट, प्रवेशशुल्क आणि प्रवास यांचा खर्च माझा. तुमच्या पैशांतून त्याला काही जाणार नाही.’ ही ओळ लिहिली नाहीस तर ती शंका प्रत्येकाच्या मनात येते, बोलतो मात्र एखादाच. आणि रुग्णाचा फोटो नको, चेक देतानाचा तर अजिबात नको. कोणी पुढारी टी-शर्टवर ‘शुभेच्छुक’ म्हणून नाव छापायला सांगेल. त्याचे पैसे घे, नाव पावतीवर घाल.

पैशांचं एवढं पुरे. आता पाय.

तुझी हाफ मॅरेथॉन २ तास २० मिनिटांची, म्हणजे किलोमीटरला साधारण ६ मिनिटं ४० सेकंद. ट्रेलचा अंदाज काढताना दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर अधिक धरतात. ५० अधिक १२, म्हणजे ६२. ६२ किलोमीटर त्या वेगाने ६ तास ५० मिनिटांचे होतात. त्यात वाळू, ऊन आणि थकवा यांचे पाव हिस्सा घाल, की साडेआठ तासांच्या थोडं वर जातं. मर्यादा १० तासांची. हातात सव्वा तास उरतो, जास्त नाही. पहिल्या दोन तासांत वेळ ‘कमवायला’ गेलीस तर तो सव्वा तास शेवटच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, व्याजासकट परत द्यावा लागेल.

येता रविवार धरून बारा रविवार आहेत, बारावा शर्यतीचा. लांब पळणं असं ठेव: १८, २०, २३, मग उतरून १६. पुढे २५, २८, ३२, पुन्हा उतरून २०. नवव्या रविवारी ३४. त्यानंतर २२, १२ आणि शर्यत. ३४च्या वर जायचं नाही. ४२ पळून बघते म्हणशील, पण त्याची भरपाई व्हायला तीन आठवडे लागतात आणि तेवढे नसतात. आठवड्यात मधले तीन दिवस ६ ते १० किलोमीटर, एक दिवस चढ. पुण्यात आहेस तर सिंहगड आहेच. आतकरवाडीतून वर साडेपाचशे-सहाशे मीटर चढ मिळतो. चढताना चाल, मात्र उतरताना पळ. शर्यतीत मांड्या मोडतात त्या उतारावर, कारण तिथे स्नायू ताणला जात असतानाच भार घेतो. ती सवय उतारावरच लागते, सपाटीवर कितीही किलोमीटर केले तरी नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) या महिन्यातच तपासून घे. फेरिटिन कमी असेल तर ते वर यायला दोन-तीन महिने लागतात. नोव्हेंबरात कळून उपयोग नाही.

दिवाळीत इकडे असशील तेव्हाचे दोन रविवार, २५ आणि २८, खऱ्या वाटेवर कर. पुण्यातली कोरडी हवा घामाला लगेच उडवते. इथे घाम अंगावरच राहतो आणि अंग थंड होत नाही, म्हणून त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर दिसते. घाबरू नकोस, वेग कमी कर. अंगाला दमट उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि ती दोन-तीन आठवड्यांत बरीचशी जाते. त्यामुळे दिवाळीची सवय डिसेंबरात कामाला येणार नाही. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात घरून काम करता आलं तर इकडे ये आणि रोज सकाळी नऊ वाजता ४०-५० मिनिटं हळू पळ. पहाटे नको, पहाटे कोणीही पळतं.

घामाचं मापही दिवाळीतच काढ. पळण्याआधी वजन, तासभर पळून अंग पुसून पुन्हा वजन. समज ५६ किलोची ५५.४ झालीस आणि मध्ये ३०० मिली पाणी प्यायलीस, तर घाम ९०० मिली. तेवढं सगळं परत प्यायचं नसतं. तासाला ५०० ते ७०० मिली, तहानेच्या बेताने. शर्यत संपल्यावर वजन दीड-दोन किलोने उतरलं तर चालतं. वाढलं तर मात्र धोका. नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आधी बोटं फुगतात, अंगठी घट्ट होते, मळमळतं, पुढे भ्रम होतो. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो अजून पाणी पाजतो.

दोन अर्ध्या लिटरच्या बाटल्या ठेव. एकीत ओआरएस, एकीत साधं पाणी. २१ ग्रॅमचं पाकीट एक लिटरसाठी असतं, म्हणजे बाटलीला अर्धं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेदहा ग्रॅमच्या पुड्या करून घट्ट बंद पिशव्यांत भर, आदल्या रात्रीच, कारण आपल्या हवेत त्याचा दगड होतो. सहा पुड्या पुरतात, आठ ठेव. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घालून ‘कडक’ करायचं नाही, पोट बिघडतं. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं बघ. नावात ‘ओआरएस’ असलेल्या गोड पेयांच्या डब्या २०२५पर्यंत सर्रास मिळत, त्या वेगळ्या. शहाळं छान, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, म्हणून ते मिठाची जागा घेत नाही. सोलकढी घरी आल्यावर.

ओआरएसच्या लिटरभरात साखर जेमतेम साडेतेरा ग्रॅम, त्याने पोट भागत नाही. खाणं वेगळं लागतं: तासाला ४० ते ५० ग्रॅम कर्बोदकं, भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला थोडं. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅम आंबापोळीत ढोबळ ३५-४०. ती न चिकटणाऱ्या कागदात बोटभर तुकडे करून गुंडाळ, दुकानातल्या महागड्या जेलचं काम करते. फणसपोळी चिवट, धाप लागलेली असताना चावत नाही. बेसनलाडू नको, तूप पोटात बसून राहतं. २५व्या किलोमीटरनंतर गोडाचा वीट येतो, तेव्हा मिठातला उकडलेला बटाटा कामाला येतो. आणि जे काही ठरवशील ते निदान चार लांब पळण्यांत खाऊन बघितलेलं असू दे. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काही तोंडात टाकायचं नाही.

शर्यतीच्या रविवारी मार्गशीर्ष वद्य चतुर्थी आहे, संकष्टी. तू धरतेस, मला माहीत आहे. त्या दिवशी उपास नाही. पहाटे साडेतीनला उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, आणि एक केळं.

या चतुर्थीचा एक फायदा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आजोबांचं गणित. चार पाऊणे तीन, म्हणजे भरती पहाटे तीनच्या आसपास, आणि तिथून सव्वासहा तासांनी, सव्वानऊच्या सुमाराला, पुरी ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धर आणि आदल्या दिवशी भरतीचं वेळापत्रक बघ. तुझा किनाऱ्याचा टप्पा १८ ते २६ किलोमीटरचा. साडेपाचला सुटून, किलोमीटरला दहा मिनिटं धरली तर साडेआठला पुळणीवर पोचतेस आणि पावणेदहा-दहाला वर येतेस. म्हणजे समुद्र मागे गेलेला आणि ओल्या कठीण वाळूचा रुंद पट्टा मोकळा. पाऊल फार न रुतणारा, पाण्यापासून चार-पाच हातांवरचा भाग धर. सुक्या वाळूत पळायला कठीण जमिनीच्या दीडपटीहून जास्त शक्ती जाते, तिथे चालणंच बरं. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे आठ किलोमीटर एकच पाय खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरची बाजू धरते. मधून मधून सपाट भाग शोधत तिरकी जा. पुळण संपून खडप लागेल तिथे बूट काढू नकोस. खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात. दिवाळीतल्या दुसऱ्या रविवारी पंचमी आहे, तेव्हाही ओहोटी दहाच्या सुमारास, म्हणजे रंगीत तालीम त्याच वाळूवर होईल. हीच शर्यत चतुर्दशीला असती तर नऊ वाजता समुद्र चढत असता आणि तू सुरूच्या मुळांतून धडपडत असतीस. आयोजकांनी तिथी बघून तारीख घेतली असेल तर शहाणे आहेत.

सुरुवातीचा सडा अंधारात आहे. सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो. हेडलाइट २०० ल्युमेनचा, सेल नवे, एक जोडी जास्त. खुणेच्या फिती दिसेनाशा झाल्या तर मागे फिरून शेवटच्या फितीपाशी ये, अंदाजाने पुढे जायचं नाही. चिरेखाणी उघड्या असतात, कठडा नसतो, आणि अंधारात कातळाचा रंग आणि खाणीचा काळोख एकच दिसतो. बागांतून जवळची वाट काढायची नाही. डुकरांसाठी लावलेल्या तारा कुठे असतील सांगता येत नाही.

जांभा कोरडा असला की बुटाला छान धरतो, पण पडलीस तर किसणीवर पडल्यासारखं सोलतं. पातळ हातमोजे घाल. सावलीतल्या पाखाड्यांवर डिसेंबरातही कुठे कुठे ओल आणि शेवाळ राहतं. पायऱ्या एकसारख्या नसतात, म्हणून उतरताना पाऊल छोटं ठेव आणि नजर तीन पायऱ्या पुढे. बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, पुढे अंगठ्याएवढी जागा, तळाचे दाते चार ते पाच मिलिमीटर. पाय पाच-सहा तासांनी फुगतात. बोटं बुटाला टेकली की उतारावर नखं काळी पडतात. पावसानंतरचं गवत तोवर वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यांतून आत शिरतात. घोट्यावर चढवायचं कापडी आवरण मिळतं, दुकानदार गेटर म्हणतात, ते घे. वाळूलाही तेच लागतं. पुळणीवरून वर आलीस की पाच मिनिटं बसून बूट झटक, मोजे बदल, टाचेला झिंक ऑक्साइडची पट्टी लाव. ‘वेळ जातो’ म्हणून जे बसत नाहीत ते ३५व्या किलोमीटरला फोडांमुळे बसतात.

बसताना मात्र गडग्यावर बसायचं नाही आणि दगडांच्या फटीत हात घालायचा नाही. आपल्याकडे फुरसं फार. वीतभर-दीड वीत लांब, मातीच्या रंगाचं, वेटोळं घालून अंग अंगावर घासतं तेव्हा करवतीसारखा खरखर आवाज येतो. आवाज आला की थांब, कुठे आहे ते बघ, मग बाजूने जा. चावलंच तर खाली बस, घड्याळ-अंगठी काढ, पाय हलू देऊ नकोस, १०८ला फोन. आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. चालत गाठायचा प्रयत्न नाही. वेदनाशामक गोळी नाही, कारण त्या विषाने रक्त गोठेनासं होतं आणि गोळी त्यात भर घालते. बूट घालण्याआधी उलटे करून झटक, लाल विंचवासाठी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून त्या दंशाने जाणारी माणसं वाचू लागली, पण म्हणून दंश करून घ्यायला नको.

खरी शर्यत ३२ ते ४२च्या मधल्या मोठ्या सड्यावर आहे. तिथे तू अकरा ते एकच्या दरम्यान असशील. झाड नाही, वारा असला तर नशीब, आणि काळा कातळ खालून भाजतो. ३०व्या किलोमीटरच्या थांब्यावर टोपी आणि गळ्यातला पंचा भिजवून घे, पाठीवरच्या पिशवीत अर्धा लिटर पाणी जास्तीचं घे, आणि सडा सरळ चालत पार करायचा असं आधीच ठरव. झरझर चालीने किलोमीटरला ११-१२ मिनिटं लागतात. पळायला गेलीस तर दहा मिनिटांचा फायदा आणि उलटी. घाम थांबला, अंगावर काटा आला, बोलताना शब्द चुकू लागले, तर जिथे सावली मिळेल तिथे बस, अंगावर पाणी ओत आणि शिट्टी वाजव. हाँगकाँगच्या ट्रेलवॉकरमध्ये चौघांची तुकडी १०० किलोमीटर बरोबरच चालते. १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून सुरू झालेली मदतनिधीची चाल आहे ती. एकटीला स्वतःचं बरळणं ऐकू येत नाही. तुझ्याबरोबर नेहा पळते आहे ना, सड्यापुरत्या तरी दोघी एकत्र राहा.

वेदनाशामक गोळ्या पिशवीत नकोतच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. अंगात पाणी कमी, स्नायू फाटून त्यातली प्रथिनं रक्तात उतरलेली, आणि वर ती गोळी, म्हणजे तिन्ही बाजूंनी मूत्रपिंडावर मार. शर्यतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा सात-आठ तास झालीच नाही तर ‘थकवा असेल’ म्हणून झोपायचं नाही, थेट रुग्णालय. डायलिसिससाठी पैसे गोळा करणारीला हे वेगळं समजावायला नको.

थांबायची जागा आत्ताच ठरव: ३८. तिथे रस्ता आहे, गाडी येते. पुढचा थांबा ४५ला आणि मध्ये गाडी पोचत नाही. ३८ला स्वतःला तीन गोष्टी विचार: लघवी झाली का, खाल्लेलं पोटात राहतंय का, दोन्ही पायांवर सारखा भार देता येतो का. एकाचंही उत्तर ‘नाही’ असं आलं तर नंबर काढून दे. पैसे तोवर ट्रस्टकडे असतील, त्याला धक्का नाही. ज्यांनी दिलेत त्यांना दुसऱ्या दिवशी कळव, ‘३८ किलोमीटरला थांबले, २,०८,००० जमले.’ पंधरा दिवसांत ट्रस्टची पोचपावती आणि तीन महिन्यांनी किती फेऱ्या झाल्या ते पाठव. बहुतेक जण ते पाठवत नाहीत, आणि म्हणून पुढच्या वर्षी त्यांना कोणी देत नाही.

वजनकाटा घरी आहे, आणू नकोस. ट्रस्टच्या कागदांच्या छापील प्रती मात्र आण. दादरचे काका फोनवरचं वाचत नाहीत, आणि ते दिल्याशिवाय मंडळातले बाकीचे देत नाहीत. आंबापोळी इथे अर्धा किलो काढून ठेवली आहे.

तुझी,
आई